‘साहित्य’ हा शब्द बदलण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण विभाग, दुसरा मजला.

विषय : ऑनलाइन लोकवर्गणीच्या आवाहनातील एक शब्द बदलण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपले दि. ५ जुलैचे पत्र (‘खुलासा मिळेपर्यंत आवाहनात कोणताही बदल करू नये’).

महोदय,

दिनांक ३ जुलै रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, शाळेच्या पहिल्या मजल्यावरील खोली क्रमांक सातमध्ये, एका निवृत्त अभियंत्यांना त्यांनीच लिहिलेल्या विरहावरील कवितेखाली भागाकाराचे उदाहरण सोडवलेले आढळले. उत्तर बरोबर होते. तरीही त्यांनी आपणाकडे तक्रार केली. त्याबाबतचा खुलासा पुढीलप्रमाणे :

१. इयत्ता पाचवीत एकेचाळीस मुले असून यंदा वह्या, पेन्सिली व खडू यांपैकी काहीही आलेले नाही. अर्जदाराने तीनदा मागणीपत्र पाठवले. तिन्ही वेळा ते ‘मागणी नेमकी काय आहे, हे एका वाक्यात लिहावे’ अशा शेऱ्यासह परत आले. तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, “सर, इंटरनेटवर आवाहन टाका, लोक वस्तू पाठवतात. फक्त थोडक्यात लिहा.” या सूचनेचा पूर्वार्ध अर्जदाराने तंतोतंत पाळला.

२. आवाहन सिद्ध होण्यास नऊ दिवस लागले, पैकी दोन स्वल्पविरामांवर गेले. त्यातील मुख्य वाक्य असे : ‘ज्ञानतृषार्त बालकांच्या करकमली आपण साहित्य अर्पण करावे.’ वह्या, पेन्सिली, खडू अशी नावे घेतल्यास गद्याला वाणसामानाच्या यादीची कळा येते, म्हणून ‘साहित्य’ हा सर्वसमावेशक शब्द अर्जदाराने जाणीवपूर्वक योजला. अर्जदाराच्या पत्नीने मजकूर वाचून विचारले, “यात मागितलंय काय?” अर्जदाराने अर्धा तास विवेचन केले. त्यावर ती म्हणाली, “मग प्रत्येकाच्या घरी जाऊन असंच अर्धा तास समजावणार का?” हा आक्षेप अर्जदाराने त्या वेळी ग्राह्य धरला नाही.

३. बारा दिवसांत अडतीस खोकी आली. सर्वांत साहित्यच होते : सहाशे बारा पुस्तके, पैकी बहुतांश कवींनी स्वखर्चाने छापलेले कवितासंग्रह. पेन्सिल एक मिळाली. ती एका खंडकाव्यात खूण म्हणून राहिली होती. खोक्यांमुळे मागची दोन बाके बाहेर काढावी लागली. सदर अभियंत्यांनी तर आपल्या संग्रहावर मुलांचा अभिप्राय ऐकण्यासाठी समक्ष येण्याचे कळवले, आणि ते आले.

४. कवितेच्या पानावर कोरी जागा मुबलक असते, हे अर्जदार गेली सत्तावीस वर्षे निव्वळ सौंदर्याच्या अंगाने शिकवत आला. मुलांनी ते गतवर्षीच्या पेन्सिलींच्या थोटकांनी उपयोगात आणले. उदारपणे अर्जदाराने स्वतःचा निबंधसंग्रहही वाटला; तो सर्व मुलांनी परत केला. “सर, यात जागाच नाही,” असे कारण त्यांनी दिले.

५. ‘साहित्य’ या शब्दाचा ‘साधने’ हा अर्थ निर्विवाद असून खुद्द आपल्या विभागाच्या फाइलीवर ‘शालेय साहित्य पुरवठा’ असे लिहिलेले आहे. या मुद्द्यावर अर्जदार कोणत्याही व्यासपीठावर वाद घालण्यास तयार आहे. परंतु परीक्षा २० तारखेला आहे, आणि कवितांखालची जागा संपत आली आहे. कालपासून चार मुले खोक्यांच्या पुठ्ठ्यावर लिहीत आहेत. आवाहनाचे पान १२ तारखेस आपोआप बंद होईल व त्यानंतर सहा महिने नवे उघडता येणार नाही.

सबब, ‘साहित्य’ हा शब्द काढून तेथे ‘वह्या, पेन्सिली व खडू’ असे लिहिण्यास १२ तारखेपूर्वी परवानगी द्यावी. ‘ज्ञानतृषार्त’ हा शब्द राहू द्यावा अशी विनंती होती. ती अर्जदार स्वतःच मागे घेत आहे.

अभियंत्यांची क्षमा मागून झाली आहे. त्यांना नवी प्रत नको असून भागाकाराचे पानच हवे आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार ते पान आजवर कोणी इतका वेळ उघडे ठेवले नव्हते.

यापुढे थोडक्यात लिहिण्याच्या निश्चयासह,
आपला नम्र,
वर्गशिक्षक, इयत्ता पाचवी
दि. ९ जुलै

सोबत :
१) मूळ आवाहन (पाने चार).
२) कवितेच्या व भागाकाराच्या पानाची छायाप्रत.
३) मुख्याध्यापिकाबाईंनी घेतलेला वर्गप्रमुख मुलीचा लेखी जबाब. शुद्धलेखनाची चूक नसल्याने जसाच्या तसा :
“सरांना वह्या हव्या होत्या. त्यांनी वह्या असं लिहिलंच नाही.”