बिनसुरकुतीची चादर

प्रिय मांजरीस,

तुझ्या उजव्या गुडघ्याला साष्टांग नमस्कार (तो आधी दुखायला लागला, म्हणून मान त्याचा) आणि डाव्याला अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझं रक्तदाब मोजायचं यंत्र, कुंडीतलं लिंबू आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, सगळं जोमात असेल अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम. प्रवास तर इतका छान चालला आहे की विचारू नकोस. (खरंच विचारू नकोस.)

तुझं पत्र मी निघायच्या आदल्या दिवशी मिळालं, ते पर्समध्ये घेऊनच फिरते आहे. तुझी मागची खोली अजून रिकामी आहे, पेटी शिकवणाऱ्या बाई ती मागताहेत आणि महिनाअखेरपर्यंत तू त्यांना थोपवून धरलं आहेस, हे समजलं. ‘शेवटचं विचारते, येतेस का माझ्याकडे राहायला?’ असं तू लिहिलं आहेस. मांजरे, मागच्या वर्षी जे कळवलं तेच आजही कळवते. मला माझं घर आहे, घराला चांगलं कुलूप आहे, आणि यांच्या माघारी एकटीनं राहायची मला आता छान सवय झाली आहे. शिवाय मला जग बघायचं आहे. तेव्हा त्या बाईंना खुशाल हो म्हण. पत्राचा मुख्य विषय दुसऱ्या परिच्छेदात उरकावा, ही शाळेत पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टरांची शिस्त मी या वेळी तरी पाळली. (ताजा कलम म्हणजे आळशी मनाचा पुरावा, असं त्या म्हणत. माझ्या पत्राला दोन-दोन ताजा कलम असत आणि माझे दोन-दोन गुण जात. तू तर घरी पत्रच लिहायची नाहीस. तुझंही मीच लिहायची, तुझ्या तिरक्या अक्षरात.)

तर जग. जग चांगलं आहे, पण त्याच्या उशा फार उंच आहेत. इथल्या गेस्ट हाऊसच्या उशीवर डोकं ठेवलं की आपण झोपलो आहोत की कोणाची वाट बघत बसलो आहोत हे कळत नाही. नळ डावीकडे फिरवला की गरम आणि उजवीकडे फिरवला की जास्त गरम. दिव्यांची सात बटणं आहेत, त्यातलं सातवं कशाचं आहे ते मला अजून समजलेलं नाही. ते दाबलं की खालच्या मजल्यावर कोणीतरी ‘अरे!’ म्हणतं. टॉवेलाची घडी घालून कोणीतरी हंस करून ठेवला होता. तो मोडायचा धीर होईना, म्हणून मी घरून आणलेल्या पंचानंच अंग पुसलं. बाकी तळं आहे, घंटाघर आहे, आणि घंटाघराला दोनशे पायऱ्या आहेत. त्यातल्या चाळीस मी पाहिल्या. खरं सांगू, मला सगळ्यात आवडलं ते चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोरचं बाक. तिथे बसलं की समोरच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या दिसतात. एक खिडकी उघडते, दुसरी येऊन लावते. पहिली पुन्हा उघडते. परवा मी दीड तास ते बघत होते. चिरंजीवांनी फोनवर विचारलं, “आई, आज काय काय पाहिलंस?” मी म्हटलं, “घंटाघर.”

आता घडलं ते ऐक. आपल्या वसतिगृहातली निजायची खोली आठवते ना? चोवीस लोखंडी पलंग, साडेपाचची घंटा, आणि नंतर सिस्टर चादरींवरून तळवा फिरवत जायच्या. पलंग असा लागला पाहिजे की त्यावर कोणी झोपलेलं कळता कामा नये, असा त्यांचा दंडक. त्यावरूनच माझं नाव इस्त्री पडलं. आणि तुझी चादर बघून तर त्यांना वाटायचं की रात्री तुझ्या पलंगावर कुस्त्या झाल्या. मग आपला करार झाला. तुझा पलंग मी लावायचा आणि माझं दूध तू प्यायचं. दुधावरची साय पाहिली की माझ्या पोटात ढवळायचं (अजून ढवळतं, आत्ता नुसतं लिहितानाही ढवळलं), आणि तू मात्र साय ओठांना लागली की डोळे मिटायचीस, म्हणून तू मांजर. ग्लासांची अदलाबदल करायला आपल्याला एक ‘आमेन’ पुरायचं. सात वर्षांत एकदाही सापडलो नाही.

ती सवय माझ्या हातांतून गेलेली नाही. इथेही मी उठल्याबरोबर पलंग लावते, चारही कोपरे गादीखाली दुमडते, बेसिन पुसून कोरडं करते, चपला आणि साबण बॅगेत ठेवते आणि बॅग ट्रंकेसारखी पलंगाखाली, पार भिंतीपर्यंत सारते. मग खाली येऊन खोलीची किल्ली काउंटरमागच्या खुंटीवर टांगते. (किल्ली जागच्या जागी, हाही दंडकच.) व्यवस्थापक तेव्हा फोनवर असतात. मी मान लववते आणि जाते. दोन दिवस हे सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर खुंटीवर किल्ली नाही. आवरणाऱ्या बाईंनी नेली असेल असं समजून वर गेले. दार लोटलं, तर पलंगावर बनियन घातलेले एक धिप्पाड गृहस्थ पाय सोडून बसलेले. दातांचे डॉक्टर आहेत हे मागाहून कळलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, “बाई, एक उशी जास्त आणून ठेवा.”

मांजरे, मी आणून दिली! कपाटातून काढली, थोपटली आणि दिली. कोणी ठाम आवाजात सांगितलं की आपले पाय आधी चालायला लागतात, डोकं मागून येतं. त्यात त्यांच्या बसण्यानं चादरीचा एक कोपरा सुटला होता, तो वाकून दुमडला. त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली. मग मी म्हटलं, “ही माझी खोली आहे.” तेही इतकं हळू की ते “काय हो?” म्हणाले. आता वाद कसा घालायचा हे आपल्याला कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नाही. मी सरळ गुडघे टेकले आणि पलंगाखाली हात घातला. त्यांनी केर काढणारीसाठी उचलावेत तसे दोन्ही पाय उचलले. मी भिंतीपासून बॅग ओढून बाहेर काढली, उघडली, आणि त्यांना माझ्या चपला दाखवल्या. बिचारे असे दचकले की शर्ट उलटा घालून खाली धावले.

व्यवस्थापक आले (बारीक अंगाचे आहेत, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर). ते म्हणाले, “किल्ली खुंटीवर, खोली कोरी करकरीत. मला वाटलं, बाई न सांगता गेल्या.” मग त्यांनी आवरणाऱ्या बाईंना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अठरा वर्षं खोल्या आवरते साहेब. माणूस राहिला की निदान एक केस तरी सापडतो. या ताईंच्या खोलीत कोणी राहतंय असं वाटलंच नाही!”

मी त्यांची माफी मागितली. दुसरं काय बोलणार? तुला ठाऊक आहे, हे असताना आमच्या घरात पेपरची पानं चार दिशांना असायची, ओला टॉवेल पलंगावर, चष्मा साखरेच्या डब्यावर. चौतीस वर्षं मी यांच्या मागून आवरत फिरले आणि तोंडानं कुरकुरत राहिले. आता तीन वर्षं घर असं आहे की सिस्टरांनी दहापैकी दहा दिले असते. मागच्या महिन्यात विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं मला विचारलं, “इथे हल्ली कोणी राहत नाही का?” मी दार उघडून त्याच्यासमोरच उभी होते.

असो. डॉक्टरांना हलवणं बरं दिसेना (त्यांनी दात घासायचा ब्रश मांडून ठेवला होता), म्हणून मला सगळ्यात वरच्या मजल्यावरची दोन पलंगांची खोली दिली आणि भरपाई म्हणून सकाळचं खाणं वर पाठवायचं ठरलं. आवरणाऱ्या बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “ताई, पाया पडते, उद्यापासून चादरीला हात लावू नका. तुमच्या टापटिपीपायी मला बोलणी बसतात.” मी शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं गं. सकाळी चादर तशीच टाकून दारापर्यंत गेले, परत आले. एकच कोपरा दुमडला. पुन्हा दारापर्यंत. मग दुसरा कोपरा पहिल्यावर रागावलेला दिसायला लागला. शेवटी माझा पलंग नीट लावला आणि दिलेल्या शब्दासाठी शेजारचा, कोणीच न झोपलेला पलंग विस्कटला. अगदी तुझ्यासारखा, उशी पायथ्याशी आणि चादरीचा बोळा. काय सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा इथली एखादी खोली ओळखीची वाटली.

संध्याकाळी आवरणाऱ्या बाईंनी विचारलं, “ताई, तुमच्याबरोबर अजून कोण आहे?”

“मैत्रीण आहे,” मी म्हटलं. “तिला पलंग लावायची सवय नाही.”

खोटं बोललं की जिभेला काळा डाग पडतो असं आपल्याला सांगितलं होतं. मी आरशात पाहिलं, काही नव्हतं. पण शिक्षा दुसऱ्या सकाळी ट्रेमधून आली. पाव दुप्पट, अंडी दोन, आणि दुधाचे दोन ग्लास. गरम, काठोकाठ, सायीसकट. आदल्या दिवशी एकच ग्लास होता, तो मी जीव घट्ट करून बेसिनमध्ये ओतला होता. दोन ओतायचा धीर होईना. ते दोन ग्लास समोर ठेवून मी बसून राहिले. साय जाड होत गेली. हसशील, पण मी सवयीनं माझा ग्लास डावीकडे सरकवला आणि दुसऱ्या बाजूनं रिकामा ग्लास येण्याची वाट पाहिली.

बाई आल्या. ट्रेकडे बघून म्हणाल्या, “मैत्रीण काही घेत नाहीत वाटतं?”

“ती बाहेर गेली आहे.”

“इतक्या सकाळी? कुठे?”

“लांब आहे.”

त्यांनी विस्कटलेल्या पलंगाकडे बघितलं, लावलेल्या पलंगाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. अठरा वर्षं खोल्या आवरणाऱ्या माणसापासून काय लपणार? चादर झटकत एवढंच म्हणाल्या, “मग बोलवा की त्यांना. नाहीतर तुम्ही जा. दूध वाया जातंय.” आणि एक ग्लास उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

त्यानंतर व्यवस्थापक रजिस्टर घेऊन वर आले, की दोन माणसं असतील तर दोन नावं हवीत. ते मी मिटवलं. कसं, ते सांगण्यासारखं नाही. एकूण काय, प्रवासात माणसाचं मन विशाल होतं हे खरं. आणखी चार दिवस इथे आहे. घंटाघराच्या उरलेल्या पायऱ्याही बघायच्या आहेत. माझी काळजी नसावी. लिंबाला पाणी घाल, शेजारणीला माझा नमस्कार सांगू नकोस, आणि गुडघ्यांना एकटं सोडू नकोस.

तुझी,
इस्त्री

ता. क. रजिस्टरचं तुला कळलेलं बरं, कारण परवापासून तूही या गेस्ट हाऊसमध्ये राहते आहेस. तुझं पूर्ण नाव मी तुझ्याच तिरक्या अक्षरात लिहिलं. हात अजून विसरलेला नाही. त्यापुढे ‘कायमचा पत्ता’ असा रकाना होता. तुझ्या नावापुढे तुझा पत्ता लिहिला. मग व्यवस्थापक म्हणाले, “तुमचाही लिहा, पहिल्या दिवशी राहून गेला होता.” मी खाली दोन टिंबं काढली. वरीलप्रमाणे. का काढली ते मला विचारू नकोस. आता खाडाखोड केली तर त्यांना संशय येईल, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. पेटीवाल्या बाईंना अजून हो म्हणाली नसशील, तर म्हणू नकोस. म्हणाली असशील, तर त्यांना सांग की त्या खोलीत ओल येते. (येत नसली तरी सांग. जिभेला डाग पडत नाही, मी बघितलं आहे.) घंटाघर राहू दे. मी गुरुवारी पोचते. एकच बॅग आहे, पलंगाखाली बसते. पलंग दोन्ही मी लावीन, पण तू दिवसातून एकदा येऊन माझ्या पलंगावर लोळत जा.

शेवटचा ता. क. (गुण गेले तर गेले.) सकाळच्या दुधाचा एक ग्लास वाढवून ठेव. दोन्ही तुझेच.