हरकत असल्यास कळवावे

आगमनकाळाचा पहिला सोमवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी खोली तयार झाली. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि पलंग अशा बाजूला लावला की सकाळचं ऊन तुझ्या डोळ्यांवर न येता पायांवर येईल. नाताळनंतरचा तीन राजांचा सण झाला की तू चष्म्यांचं दुकान आवरून कायमचा इकडे यायचंस, हे आपलं ठरलंय. आता ‘बघू’ म्हणालास तर मी स्वतः येऊन तुला ट्रंकेत घालून आणीन.

चर्चमध्ये काल नाताळाआधीच्या चार रविवारांतली पहिली मेणबत्ती पेटली. आमचे नवे फादर तरुण आहेत, स्वभावाने लोणी, पण आवाज इतका हळू की शेवटच्या बाकावरच्यांना प्रवचन फक्त दिसतं. माझ्या गायकवृंदात मात्र उलटा प्रकार झालाय. आपले जुने खर्ज आवाजवाले मुलाकडे राहायला गेले, त्यांच्या जागी बाजारातले दातांचे डॉक्टर आलेत. विधुर गृहस्थ, मुलगी लग्न होऊन परगावी, वागायला सज्जन, पण गातात असे की समोरच्याने आपोआप ‘आ’ करावा. ताल म्हणजे नेहमी अर्धी मात्रा आधी. जणू मागे पेशंट ताटकळलेत!

काल तर कहर झाला. आगमनकाळात आपण महिमागीत गात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ऑर्गनवरून हात उचलून बसले, आणि या गृहस्थांनी सवयीने एकट्याने महिमागीत सुरू केलं. मी खुणा केल्या, मागच्या बाईंनी त्यांचा कोट ओढला, तरी थांबेनात. फादर बिचारे वेदीपाशी हात जोडून उभे राहिले. कडवं संपल्यावर डॉक्टरांच्या लक्षात आलं, तेव्हा ते पटकन खाली बसले ते थेट माझ्या स्वरलिपीच्या वह्यांवर. मी त्यांना गायकवृंदाच्या सज्ज्याच्या जिन्यात चांगलंच फैलावर घेतलं. त्यावर ते म्हणाले की तुम्ही रागावता तेव्हा तुमची वरची दाढ दिसते आणि तिच्याकडे एकदा बघायला हवं. सांग आता!

तब्येत सांभाळ. मफलर घाल. प्रेम आहेच, ते असंच राहू दे.

तुझी,
पिपाणी

---

आगमनकाळाचा दुसरा आठवडा, शुक्रवार

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

पिवळा रंग मला आवडतो हे तुझ्या लक्षात राहिलं, बरं वाटलं. इकडे आवराआवर चालू आहे. घरमालकाला जागा सोडत असल्याचं कळवलं. माझ्या दुकानाच्या जागी आता चपलांचं दुकान येणार आहे. इतकी वर्षं मी लोकांच्या नाकावर लक्ष ठेवलं, यापुढे तिथे पायांवर ठेवतील.

खरं सांगू? दुकानाची काचेची कपाटं गेली तेव्हा मी झाडून झालेली जमीन पुन्हा झाडत बसलो. मी लग्न केलं नाही, तेव्हा दुकान हाच माझा संसार. पण तू आहेस, खोली आहे, संध्याकाळी दोघं मिळून जुनी भांडणं उकरून काढू, या विचाराने पुन्हा कामाला लागतो.

तुझ्या पत्रात फादर चार ओळी, मी सहा ओळी आणि दातवाले पानभर. असो. दाढ दाखवून घे, पण दुसऱ्या कुणाला तरी.

माझे आशीर्वाद पाठीशी आहेत, ते मोजत बसू नकोस.

तुझा,
दादा

---

गुलाबी मेणबत्तीच्या रविवारनंतरचा बुधवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फादरांनी रिवाजाप्रमाणे गुलाबी झगा घातला. धुताना त्यात कुणीतरी लाल कापड टाकलं होतं, त्यामुळे गुलाबी कसला, फादर उकडलेल्या बीटासारखे दिसत होते. तरी प्रवचन ‘आनंद करा’ यावरच होतं आणि लोकांनी तो मनापासून केला.

डॉक्टर हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी घरी येतात. गैरसमज नको, तालासाठी येतात. मी टेबलावर बोटांनी ठेका धरते, ते समोर बसून मोजतात. पहिल्या दिवशी त्यांनी मोजता मोजता माझी बशी फोडली. दुसऱ्या दिवशी नवी घेऊन आले. ती जुनीपेक्षा चांगली आहे.

नाताळच्या गव्हाणीची मांडणी सुरू झाली. खोक्यातून मूर्ती काढताना गाढवाचा कान तुटला. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, आणि दातांच्या सिमेंटने नवा कान बसवून आणला. काम एकदम मजबूत! फक्त गाढव करडं आणि कान पांढराशुभ्र. रविवारच्या शाळेतली मुलं विचारतात की गाढवाच्या कानाला प्लॅस्टर का घातलंय. डॉक्टरांचं म्हणणं, इतक्या लांबचा प्रवास, काहीतरी लागणारच. मी इतकी हसले की आमच्या वृंदातल्या शिंपीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. दादा, मला असं हसून फार दिवस झाले होते.

तुझ्या पडद्यांचं कापड निळं घेऊ की तपकिरी, ते कळव. लोभाला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझी,
पिपाणी

---

नाताळच्या आधीचा शनिवार

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

पडदे तपकिरी. मळ दिसत नाही.

एक विचारतो, सरळ उत्तर दे. एवढ्या वयाच्या, धंदा चालणाऱ्या, सिमेंटचे कान बसवता येणाऱ्या माणसाला एक ताल शिकायला आठवड्यातून दोन संध्याकाळी कशाला लागतात?

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. गाढवालाही.

तुझा,
दादा

---

नाताळचा दुसरा दिवस

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

काल सकाळच्या मिस्सेला चर्च गच्च भरलं होतं. आम्ही महिमागीत घेतलं, या वेळी हक्काने! आणि मधल्या कडव्यात वीज गेली. ऑर्गनने एक लांब उसासा टाकला आणि गप्प झाला. माझे हात पट्ट्यांवर तसेच. वरच्या पट्टीच्या बायका गळाठल्या, एकीने तर ‘अगं बाई’ असं सुरातच म्हटलं. मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर थांबले नाहीत. ते एकटे गात राहिले, आणि दादा, अगदी तालात! अर्धी मात्राही पुढे नाही. मग एकेक जण त्यांना धरून पुन्हा गाऊ लागला, खालची माणसंसुद्धा. मी नुसती बसून ऐकत होते. माझ्या गालावरून पाणी आलं ते मला कळलंच नाही.

सगळे गेल्यावर सज्ज्याच्या जिन्यात त्यांनी मला विचारलं. मोठं भाषण तयार करून आले असावेत, पण मध्येच अडकले आणि एवढंच म्हणाले की माझ्या घरात फार शांतता आहे, आणि ती मला मानवत नाही. मी आधी दादाला विचारते, असं म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून ‘हो’ निघून गेलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेणबत्त्यांच्या सणाला लग्न करावं, असं फादर म्हणतात. त्याआधी तीन रविवार आमची नावं चर्चमध्ये वाचतील. तुझी खोली तुझीच आहे, त्यात काही बदल नाही. तू येणारच आहेस. हो ना? लवकर लिही. रागावलास तरी लिही.

तुझी,
पिपाणी

---

तीन राजांच्या सणाची आदली संध्याकाळ

श्रीमती गायकवृंदप्रमुख यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. अभिनंदन.

नवविवाहितांच्या टेबलावर तिसरा माणूस म्हणजे चष्म्याला तिसरी काच. बसवता येते, उपयोग काही नसतो. मी इथेच एखादी खोली शोधतो. घरमालकाला विचारलं, पण चपलांचे खोके येऊन पडलेत. एका खोक्यावर बसूनच हे लिहितोय.

नावं वाचताना ‘कुणाची हरकत असल्यास कळवावे’ असं म्हणतात ना? तो प्रत्येक भाविकाचा हक्क आहे. दुसऱ्या वाचनाला मी जातीने हजर राहीन. या गृहस्थांना मी अजून पाहिलेलं नाही, ऐकलंही नाही.

पिवळ्या खोलीत वह्या ठेवाव्यात. ऊन चांगलं येतं.

आपला,
बंधू

---

दुसऱ्या वाचनानंतरचा सोमवार

दादा,

नमस्कार-बिमस्कार काही नाही. तू उभा राहिलास!

फादरांनी आमची नावं वाचली, हरकतीचं विचारलं, आणि तिसऱ्या बाकावर माझा सख्खा भाऊ ताडकन उभा! सगळं चर्च वळून बघायला लागलं. शिंपीणबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. माझ्या शेजारी डॉक्टर पांढरे पडले. आणि तू काय बोललास? ‘हरकत नाही, पायाला मुंग्या आल्यात’! लोक हसता हसता बाकांवर आडवे झाले, फादरांना पुढची प्रार्थना सापडेना. मलाही हसू आलं, मी नाकारत नाही. पण मिस्सा संपल्यावर मी धावत खाली आले, तर तू नव्हतास. बस पकडून गेलास म्हणे. माझ्या दारावरून गेलास आणि आत आला नाहीस.

मला खरं सांग. मुंग्या होत्या का?

पिपाणी

---

त्याच आठवड्याचा गुरुवार

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

मुंग्या होत्या. देवाशपथ. तुमच्या चर्चमधली फरशी बर्फासारखी आहे, उजवा पाय माझा राहिलाच नव्हता. फादर इतकं हळू बोलतात की ते नेमकं काय विचारतायत तेही मला ऐकू आलं नाही. पाय झटकायला म्हणून उभा राहिलो, तर तीनशे माणसं माझ्याकडे बघत होती, तेव्हा कळलं काय विचारलं ते.

पण तू खरं विचारलंस म्हणून पुढचंही सांगतो. बसमधून येताना मी हरकतींची उजळणी करत आलो होतो. माणूस माहितीतला नाही, आवाज मोठा आहे, वय झालंय. एकही टिकेना. शेवटी जी उरली ती एवढीच, की मला एकटं वाटेल. ही चर्चच्या कायद्यात हरकत होत नाही. उभा राहिल्यावर वर सज्ज्यात पाहिलं. तू ऑर्गनपाशी होतीस आणि हे गृहस्थ तुझ्याशेजारी हात घट्ट आवळून, माझा निकाल ऐकायला उभे असल्यासारखे. तू त्यांच्याकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. लोक हसले तेव्हा मीही हसलो, पण मग हसता हसता रडू येऊ लागलं, आणि तुझ्यासमोर रडायला मला आवडत नाही. म्हणून पळालो.

तुझा,
दादा

---

तिसऱ्या वाचनाच्या आदल्या दिवशी

आदरणीय दादांस,
सा. न. वि. वि.

मी तो दातवाला. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकीची माफी असावी.

तुम्ही उभे राहिलात तेव्हा मी मनात म्हटलं, यांनी हरकत घेतली तर ती ऐकून घ्यावी लागेल, कारण यांचा हक्क माझ्या कितीतरी आधीचा. मग तुम्ही मुंग्या म्हणालात, आणि मी न बघता सरळ ऑर्गनच्या पट्ट्यांवर हात टेकला. तो भयंकर सूर तुम्ही ऐकलाच असेल.

काल तुमचं पत्र आल्यापासून तुमच्या बहिणीचं कशातच लक्ष नाही. पिवळ्या खोलीत जाऊन बसतात, उशीची खोळ नीट करतात, बाहेर येतात. ठेका धरतात तोही चुकतो. दादा, तुम्ही आला नाहीत तर मला बायको मिळेल, पण अर्धीच.

आता स्वार्थाचं सांगतो. माझ्या दवाखान्याची पुढची खोली रिकामी असते. येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना भिंतीवरची सूचना वाचता येत नाही. ‘पान थुंकू नये’ हे डोळ्यांजवळ जाऊन वाचतात आणि मग थुंकतात. तिथे चष्म्यांचं दुकान फार शोभेल. जेवणावर वाद घालायला मला घरात कुणीतरी पुरुषमाणूस हवाच आहे, कारण त्यांच्यापुढे माझं एकट्याचं काही चालत नाही.

लग्नात बहिणीला वेदीपर्यंत तुम्ही घेऊन यावं, ही हात जोडून विनंती. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, मला तुमच्या हातून मिळावं असं वाटतं म्हणून. आपला जिव्हाळा मिळवायला वेळ लागेल, तो देण्याची कृपा व्हावी.

आपला,
होऊ घातलेला मेहुणा

---

मेणबत्त्यांच्या सणानंतरचा आठवडा

चि. सौ. पिपाणी आणि श्री. डॉक्टर यांस,
अ. उ. आ.

‘सौ.’ लिहिताना पेन क्षणभर थांबलं. मग चांगलं मोठं लिहिलं.

तुम्ही डॉक्टरांच्या मुलीकडे सुखरूप पोचलात हे कळलं. इकडचं सांगतो. लग्नाची चर्चा अजून संपलेली नाही. हातातल्या मेणबत्त्यांचं मेण अर्ध्या गावाच्या कपड्यांवर सांडलंय, आणि प्रत्येक जण तो डाग घेऊन मला दाखवायला येतो, जणू मीच वितळलो होतो. बाकांमधून चालताना तू माझ्या कानात सारखी ‘हळू, दादा, हळू’ म्हणत होतीस. मी काही घाईत नव्हतो. तुझीच पावलं पुढे पळत होती, मी तुझा हात दाबून धरला होता, एवढंच.

दवाखान्याच्या पुढच्या खोलीत दुकान लावलं. पहिलं गिऱ्हाईक दात काढायला आलं होतं. डॉक्टर नाहीत म्हणाल्यावर निराश होऊन निघालं, त्याला दारात पायरी दिसली नाही. आता ते चष्मा घालून दातदुखी सोसतंय. शिंपीणबाई सुई ओवता येईना म्हणून आल्या आणि जाताना मला गायकवृंदात यायला सांगून गेल्या. मला गाता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या की आमच्याकडे ती अट नाही.

पिवळी खोली छान आहे. ऊन पायांवर येतं. सुरुवातीला झोप लागेना. चपलांच्या खोक्यांचा वास नाही, शेजारच्यांचा रेडिओ नाही. आता लागते.

काल संध्याकाळी जेवायला बसताना टेबलावर तीन ताटं मांडली. तुम्ही निघण्याआधीच्या दोन दिवसांत ही सवय कशी लागली देव जाणे. चूक लक्षात आली तेव्हा दोन परत ठेवायला उठलो, आणि मग नाही ठेवली. तशीच राहू दिली, त्यांच्यासमोर बसून जेवलो, आणि मीठ कमी पडलंय अशी तुमच्या दोघांकडे तक्रारही केली. कुणी बघू नये म्हणून तपकिरी पडदा ओढून घेतला होता.

रविवारच्या आत या. तुमच्यावरची माया मी आणखी ठेवून घेऊ शकत नाही, इथे जागा कमी पडते.

तुमचा,
दादा