सदऱ्यावरचा लाल डाग

बोरीवली, मंगळवार, संध्याकाळ

आज घरातल्या घरात माझं भाषण सपशेल पडलं, तरी मन प्रसन्न आहे.

ताईने रक्तदाबाची गोळी बंद केली होती. का, तर शेजारच्या पारुलबेनने बाटलीत भरून दिलेलं तिच्या मशीनचं अल्कलाइन पाणी रक्त शुद्ध करतं म्हणे! मी खवळलो. आम्ल म्हणजे काय, अल्क म्हणजे काय, रक्त आपला तोल स्वतःच कसा सांभाळतं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. ताई मटार सोलत म्हणाली, "झालं? टाळ्या वाजवू का रे?"

काय करावं हिचं? तणतणत मोरीत गेलो आणि सदऱ्यावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला. पिवळा डाग लालभडक! हळदीला खार, म्हणजेच अल्क, लागला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करतात. माहीत होतं, पण भाषणात सुचलं नाही. का?

सदरा तसाच ताईसमोर धरला आणि लाल डागावर लिंबू पिळलं. डाग पुन्हा पिवळा.

"साबणाचा खार लिंबापुढे टिकला नाही. तुझ्या पोटातलं आम्ल लिंबाहून जहाल. बाटलीतला खार रक्तापर्यंत पोचेल कसा?"

ताईने मटार बाजूला ठेवले आणि डागावरून बोट फिरवून पाहिलं.

मग म्हणाली, "पण पाणी वाईट तर नाही ना?"

"नाही."

"मग आण ती बाटली."

गोळी तोंडात टाकली आणि वर घटाघटा प्यायली, पारुलबेनचंच पाणी.