एका पक्षकाराचं उदाहरण

ताई,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

आज नव्या वकिलांना शिकवताना सरावासाठी मी परदेशात आश्रय मागणारी बाई झाले. समोर वकील झालेल्या मुलीने आधी विचारलं, ‘खुर्ची दाराजवळ हवी का? मध्येच थांबलात तरी चालेल.’ मी खुर्ची दाराजवळ ओढून घेतली.

‘तुमच्याकडचे लोक तारखा रचतात,’ असं तुझ्या अर्जाच्या वेळचा अधिकारी म्हणाला होता. त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मी तुझ्याकडून मारहाणीची हकीकत सात वेळा वदवून घेतली. तारखा पाढ्यासारख्या पाठ झाल्या. ‘पढवून आणलीय,’ म्हणत त्याने तुला मायदेशी परत पाठवलं.

वर्गात मी हे ‘एका पक्षकाराचं’ उदाहरण म्हणून सांगते. आज कुणीतरी विचारलं, ‘त्यांचा वकील कोण होता?’

मी घड्याळ बघून चहाची सुट्टी दिली.

तुझी धाकटी,
आणि तुझी वकील