ज्याच्या घरी प्रिंटर

६ सप्टेंबर २००९, भातकुली. रविवार
सीमाचा फोन आला. नात पुण्याले नोकरीले, पण तिचा जुना कम्प्युटर अन् प्रिंटर माह्याच घरी. कंपनीनं त्याचं पाहणं सोडलं. आता देशोदेशीचे लोक मिळून फुकटात ड्रायव्हर लिहितात, म्हणजे कम्प्युटरनं प्रिंटरशी कसं बोलावं तो मजकूर. आपल्या प्रिंटरचा सीमा सांभाळते. दर रविवारी ती तिकून इंटरनेटवरून काहीतरी बदलते, इकडे कागद निघते, मी फोनवर सांगते, "आला बाई, चांगला आला." माह्याशिवाय जगाचं अडते. वावरात कपाशीची पऱ्हाटी वाळली. त्याचं काय लिहावं.

१३ सप्टेंबर
ड्रायव्हर लिहिणाऱ्याइत भांडण लागलं. एक म्हणते, ज्या कंपनीनं यंत्र विकलं तिनंच पाहावं. दुसरा म्हणते, कंपनी पळाली, आपण काहून राबावं, हा ड्रायव्हरच काढून टाका. सीमा रडवेली. मी म्हटलं, "लिही त्याइले, आमच्या देवळातली पंगतीची भांडी ज्याच्या घरी ठेवली, कल्हई तोच करून घेते." सीमा हसली. "आजी, मंग तूच मेंटेनर, सांभाळणारी!" लिहिलं तिनं, अन् मानलं त्याइनं! अट एकच, कोणाजवळ तरी चालता प्रिंटर पाहिजे. सीमा म्हणे, दिवाळीले येते, आठ दिवस राहते, दोघी मिळून सारं नीट करू. म्हणजे आता जबाबदारी आली.

१५ सप्टेंबर, दुपार
शेजारची गंगूबाई म्हणे, "हात काहून लावता? पोरीले विचारा." तिले काय कयते. माही लग्नातली शिलाई मशीन अजून चालते, ते कशानं? तेलानं. प्रिंटरले बी दिलं. कागद ओढायचे रूळ कसे चमकून राहिले! सीमाले आत्ताच सांगत नाही, दिवाळीत तीच पाहीन.

२० सप्टेंबर
कागद आत जातच नाही, सटकते. सीमाले सांगितलं, हवा दमट आहे. तेलच कमी पडलं असन. फोन ठेवून अजून दिलं.

२७ सप्टेंबर
धूर निघाला. थोडासाच. तेलाचं सांगून टाकलं. सीमानं विचारलं, किती वेळा दिलं. मंग म्हणे, "राहू दे आजी." रागावली नाही, म्हणजे विशेष काही झालं नाही.

४ ऑक्टोबर
तिकडच्याइनं ड्रायव्हर काढून टाकला. चालता प्रिंटर कोणाजवळच नाही म्हणे. दिवाळीत सीमाले ऑफिसचं काम निघालं. बरं झालं, पोरीच्या डोक्याचा ताप गेला. चिवडा अर्धाच करावा.

११ ऑक्टोबर, रविवार
सकायपासून फोनजवळ बसली. वाजला नाही. गंगूबाई म्हणे, "कामात असन पोरगी." तिले यंत्रातलं काय कयते.
फोनले दोन थेंब तेल दिलं.