बेल्माची परीक्षा आणि माझा खोकला

आदरणीय रागिबकाका,

आयोवाहून तुमच्या झुमराचा सलाम. ब्लडप्रेशर कसं आहे? हायराकाकू तुमच्या कॉफीतले साखरेचे खडे अजून मोजते का? (मोजत असेल तर मोजू दे, तिचं बरोबर आहे.) यंदा तिकडे तुझला शहरात थंडी लांबली आणि प्लमचा बहर गळाला असं ऐकलं, खरं असेल तर वाईट वाटतं. आम्ही दोघं बरे आहोत. एन्वरला कारखान्यात आता दिवसपाळी मिळाली आहे, त्यामुळे लग्नानंतर इतक्या वर्षांनी नवरा घरी असताना किती बोलतो ते मला कळायला लागलं आहे.

तुम्ही तीस वर्षं हेडमास्तर होतात, म्हणून हे सगळं तुम्हालाच लिहिते. बाकी कुणी ऐकून घेणार नाही.

मी इथल्या शाळेत मदतनीस आहे हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडची सात मुलं आहेत, त्यांना इंग्रजीतलं आपल्या भाषेत सांगायचं आणि त्यांचं इंग्रजीत. दर फेब्रुवारीत सबंध राज्यातल्या शाळांची एकच परीक्षा होते. आजवर त्या दिवशी आमच्या सात जणांना लायब्ररीत बसवून चित्रं रंगवायला देत. सोबत मीही रंगवायची. (तीन वर्षं तोच ससा. शेवटी त्याला जांभळा केला.) यंदा मात्र मुख्याध्यापिका लिंडक्विस्टबाईंनी बोलावून सांगितलं, की आता इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांनीही परीक्षेला बसायचं, राज्याचा तसा नियम आला आहे.

मला हे अजिबात पटलं नाही. विशेषतः बेल्मासाठी. ही एन्वरच्या कारखान्यातल्या शेफिकची मुलगी, दहा वर्षांची, येऊन जेमतेम पाच महिने झालेले. वर्गात तिनं तोवर एक शब्द काढला नव्हता. मी शेफिकला निरोप धाडला, की शाळेत येऊन हरकत घे, लेकराची शोभा होईल. तो कारखान्यातून तसाच ओल्या बुटांनी आला, लिंडक्विस्टबाईंच्या गालिच्यावर उभा राहिला आणि माझ्यावरच उलटला.

"शोभा कसली, झुमराबाई? तिकडे आपल्या क्लादान्य गावात माझी पोर वर्गात पहिली असायची. इथे सगळे तिला बहिरी समजतात. परीक्षेच्या दिवशी तिला मोडक्या खुर्चीसारखं बाजूला ठेवायचं, ही शोभा नाही का? बसू दे तिला. पडली तर पडली."

हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. मोडक्या खुर्चीचं वाक्य मी दोनदा सांगितलं.

आता माझ्यासाठीचे नियम ऐका. सूचना आपल्या भाषेत वाचून दाखवायच्या, पण प्रश्नातला एकही शब्द समजावायचा नाही. मान हलवायची नाही. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. काका, तुम्ही माझा चेहरा ओळखता. मी आठवडाभर आरशासमोर सराव केला. एन्वरनं विचारलं, दाढ दुखते का.

परीक्षेच्या दिवशी बाहेर गुडघाभर बर्फ आणि मला सर्दी. गणिताचा पेपर. बेल्मानं हात वर केला, मी जवळ गेले. प्रश्नात कुणीतरी तीन यार्ड कापड विकत घेतलं होतं. यार्ड म्हणजे अंगण, एवढं तिला मीच शिकवलेलं. ती हळूच म्हणाली, "बाई, हिनं तीन अंगणं भरून कापड कशाला घेतलं असेल?"

मी भिंतीकडे बघत राहिले. सांगता येईना, हसता येईना, त्यात खोकला आला. आणि काका, माझ्या खोकल्यासरशी सातही मुलांनी माना वर केल्या, माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहिलं आणि उत्तर खोडून दुसरं लिहिलं. त्यांना वाटलं बाई खूण करताहेत. मी घाबरून पुन्हा खोकले. पुन्हा खोडाखोड. सोबत देखरेखीला असलेले गणिताचे डनमास्तर वहीत वेळ टिपून घ्यायला लागले. नंतर कळलं, की मुलांनी खोडलेली बहुतेक उत्तरं बरोबर होती.

लिंडक्विस्टबाईंनी बोलावलं तेव्हा वाटलं, नोकरी गेली. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या नाकाकडे पाहिलं, मधाच्या गोळ्या दिल्या आणि अहवालात लिहिलं, 'मदतनीस आजारी असूनही हजर होत्या.'

दुसऱ्या दिवशी निबंध होता, 'तुमच्या ओळखीची एखादी जागा'. बेल्मानं चार पानं भरली, सगळी आपल्या भाषेत. आजीचं स्वयंपाकघर, सारण भरून भाजायच्या पिट्यासाठी लाटताना टेबलाखाली लोंबणारी पातळ पोळी, सगळं. इंग्रजीत नसलेल्या उत्तराला गुण नाहीत आणि मला भाषांतराची परवानगी नाही. शेवटी तिनं इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती, मोडकीतोडकी: मला याच्यापेक्षा जास्त येतं. मी उत्तरपत्रिकांचं पाकीट बंद केलं आणि संडासात जाऊन नाक शिंकरत बसले. सर्दी होतीच.

मागच्या आठवड्यात निकाल आला. वाचन तळाला. निबंध शून्य. पण नुसत्या आकड्यांच्या भागात बेल्मा सबंध इयत्तेत दुसरी. शेफिकला मी गुणांचा अर्थ सांगायला गेले, तर तो यादीतल्या तिच्या नावावरून बोट फिरवत होता. "स्पेलिंग बरोबर आहे," म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवारपासून ती गणिताला वरच्या वर्गात बसते. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावरची चूक दाखवली. इंग्रजीत, आणि डनमास्तरांची. मी माझं म्हणणं मागे घेतलं आहे, पण शेफिकला अजून सांगितलेलं नाही.

काकूला माझी गळाभेट.

तुमची पुतणी,
झुमरा

ता. क. लिंडक्विस्टबाई म्हणतात, कागदपत्रं असतील तर मी इथे रीतसर शिक्षिका होऊ शकते. माझी सर्टिफिकेटं लढाईत आपण घर सोडलं तेव्हा गेली. मी तुमच्या हाताखाली अकरा वर्षं शिकवलं, एवढं लिहून सहीनिशी पाठवाल का? पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं. चांगली शिकवायची असंही लिहिलंत तर हरकत नाही.

ता. ता. क. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. मी मार्चमध्ये दिली आणि वाचनात नापास झाले. एन्वरला माहीत नाही. जुलैत पुन्हा बसणार आहे. दर शनिवारी बेल्मा आमच्याकडे येते; शेफिकला वाटतं, मी तिला शिकवते. ती मला धडा वाचायला लावते आणि चुकलं की नुसतं म्हणते, "पुन्हा, बाई." तुमच्यासारखी ओरडत नाही.