डावी वाटी

१० नोव्हेंबर
दिवाळीपासून वही उघडली नाही. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये बारा लेथ एकदम सुरू झाले की मी इअरमफ चढवते आणि सगळं पाण्याखाली जातं. पोरींचे ओठ हलतात, लोखंडाच्या निळसर साली वळत वळत खाली पडतात — आवाज नाही. एकवीस वर्षं शिकवते आहे, तरी रोज क्षणभर मी इंद्रायणीच्या तळाशी असते. मग टूल बोथट झालंय का ते ऐकायला इअरमफची डावी वाटी कानामागे सरकवते, आणि वर येते.

१२ नोव्हेंबर
माझ्या वर्गातल्या तेजलला चाकणच्या कंपनीने घेतलं होतं. तिच्या घरातली पहिली नोकरी! आज निरोप आला — तपासणीत डावा कान कमी पडला, सोमवारी पुन्हा तपासू, तोवर थांबा.
पुनम तिला म्हणाली, "बरंय की, लग्नानंतर सासूला डावीकडं बसव." बाकीच्या हसल्या. तेजल नाही.
प्राचार्य म्हणतात, कंपनीला पत्र द्या : इअरमफ दिले होते, विद्यार्थिनीने निष्काळजीपणा केला. पण रजिस्टरवर रोज माझी सही आहे, 'सर्वांनी वापरले'. मग खोटं कोणतं?

१३ नोव्हेंबर
तेजलला विचारलं, इअरमफ काढून ठेवायचीस का? कधीच नाही म्हणाली. मग —
"डावा तेवढा उघडा असायचा. तुमी ठेवता ना मॅडम, मशीन ऐकायला."
वर्कशॉपमध्ये जाऊन पाहिलं. सगळ्यांच्या डाव्या वाट्या कानामागे. मला कधी दिसलंच नाही? की दिसलं, आणि बरं वाटलं?

१४ नोव्हेंबर
पत्रात खरं ते लिहिलं. चूक माझी. तेजलला सोमवारपर्यंत लेथजवळ फिरकू नकोस म्हणून घरी धाडलं.

१७ नोव्हेंबर
तिच्यासोबत तपासणीला पिंपरीला गेले. कान आवाजाने नुसता थकला होता! आता ठीक आहे. परवा रुजू होणार.

१८ नोव्हेंबर
काल एक लिहिलं नाही. तेजलच्या आग्रहाने मीही तपासणीच्या खोलीत बसले. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. डाव्या कानाची पाळी आली. छान शांत होतं, मी पहिल्या शिट्टीची वाट बघत राहिले. दार उघडून बाई म्हणाल्या, "झालं, मॅडम."
एवढी वर्षं मी मशीनचं काय ऐकत होते?
बाहेर येऊन तेजलला सांगितलं, सगळं ठीक.

उद्या : ती निघायच्या आत तिला माझा रिपोर्ट दाखवणे.